जागा दाखवा: नवा अल्बम चार जणांनी मिळून ऐकायचा तर

आमच्या पहिल्या बैठकीत अल्बम बेचाळीस मिनिटं वाजला आणि तो कोणीही ऐकला नाही. डोंबिवलीतला आमचा हॉल, नऊ जण, टीपॉयवर फरसाण आणि कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला पाण्याच्या पेल्याएवढा ब्लूटूथ स्पीकर. पहिल्या गाण्याच्या मुखड्यालाच कोणीतरी म्हणालं, "हे त्या अमक्यासारखं वाटतंय ना?" तो अमका कोण, यावर तिसरं गाणं संपेपर्यंत खल झाला. मग आतून कुकरच्या शिट्ट्या आल्या. मग कर्ज हवंय का, असं विचारणारा फोन आला, तोही गाणी ज्या फोनवर चालू होती त्याच फोनवर. शेवटी मी विचारलं, "कसा वाटला?" सहा जण म्हणाले "मस्त", दोघं म्हणाले "ठीक", आणि एक काका म्हणाले, "पूर्वीसारखं राहिलं नाही." चहा झाला, सगळे घरी गेले.

याला अडीच वर्षं झाली. अजूनही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो. चुकत चुकत एक रीत बसली आहे. आता ओळखीतल्या दोन-तीन ठिकाणी असे गट सुरू होताहेत आणि दर वेळी मलाच फोन येतो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी एक शब्द. बैठकीत बसून गाणं ऐकणाऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द हमखास असतो: जागा. "काय जागा घेतली!" असं आपण म्हणतो तेव्हा गाण्यातला एक क्षण बोट ठेवून दाखवत असतो. आमच्या गटाचा नियमही हाच आहे. आवडलं असेल तर जागा दाखवा, नाही आवडलं तरी जागा दाखवा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

लागणारं सामान

- दोन स्पीकर, वायरने जोडता येतील असे. घरात जुनी म्युझिक सिस्टीम असेल तर तीच काढा, धूळ पुसा.
- ऑक्स केबल, आणि नव्या फोनला हेडफोनचं भोक नसतं म्हणून टाइप-सीचं डोंगल. हे डोंगल ऐन वेळी सापडत नाही. दोन घेऊन ठेवा.
- कोणा एकाची तरी पैसे भरलेली वर्गणी असलेलं गाण्याचं अ‍ॅप. नाहीतर चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मधे साबणाची जाहिरात ऐकावी लागेल.
- एक्स्टेन्शन बोर्ड.
- प्रत्येकाला वही किंवा पाठकोरे कागद, आणि पेन्सिल. पेनाची टिकटिक करणारी माणसं प्रत्येक गटात असतात.
- गाण्यांची यादी आणि श्रेयनामावली, छापून किंवा हाताने लिहून, दोघांत एक.
- मिनिट-सेकंद सगळ्यांना दिसतील असा एक पडदा. जुना टॅबलेट चालतो.

१. माणसं जमवा, पण सगळी एका आवडीची नकोत

सहा ते आठ जण पुरेत. दहाच्या वर गेलात की प्रत्येकाला बोलायला मिळत नाही आणि कोपऱ्यातले दोघं आपापसात क्रिकेट सुरू करतात.

आमच्याकडे तबला शिकणारा कॉलेजातला मुलगा आहे, भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या एक मावशी आहेत, रॅपशिवाय काही न ऐकणारी एक मुलगी आहे, आणि वर आलेले काका. काकांना गटातून काढा, असं मला दोघांनी सुचवलं होतं. मी काढलं नाही. "पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणणाऱ्या माणसाला पूर्वीचं ऐकून पाठ असतं. त्याला फक्त पुढचा प्रश्न विचारायचा असतो: "कुठे, काका?"

ही काही नवी कल्पना नाही. रेडिओच्या काळात गावोगावी श्रोता संघ होते. मिळून पत्रं लिहायचे, फर्माइशी पाठवायचे. झुमरीतलैया हे झारखंडातलं छोटं गाव तर फर्माइशींच्या पत्रांमुळेच देशभर माहीत झालं.

२. अल्बम निवडा

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करायची पद्धत पडली. त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार अशी वेगवेगळी गणितं होती. आता शुक्रवारी अल्बम येतो आणि शनिवारी सकाळी चहाच्या आत त्यावर सगळ्या जगाचं मत तयार असतं. तुम्ही त्या शर्यतीत धावू नका. अल्बम आल्यावर किमान दहा दिवस जाऊ द्या. आणि या दहा दिवसांत दुसऱ्याचं मत वाचू नका. मी एकदा बैठकीच्या आधी एक लांबलचक परीक्षण वाचलं आणि बैठकीत तीच वाक्यं माझी म्हणून बोलून आले. रात्री झोपताना लक्षात आलं.

लांबीकडे बघा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम एका बैठकीत नीट बसतो. ही लांबी कुठून आली तेही सांगते. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली आणि दोन बाजूंचा मिळून अल्बम झाला. पुढे सीडीवर ७४ मिनिटं मावू लागली. आता अ‍ॅपवर काही मर्यादाच उरलेली नाही, त्यामुळे पंचवीस-तीस गाण्यांचे अल्बमही येतात. असा अल्बम हाती आला तर दोन महिन्यांत विभागा. एका दुपारी उरकायला जाल तर शेवटची दहा गाणी कोणाला आठवणार नाहीत.

सिनेमाची गाणी घ्यायची का, यावर आमच्याकडे वाद झाला होता. घ्या, पण शक्यतो सिनेमा बघायच्या आधी ऐका. पडद्यावरचा चेहरा एकदा गाण्याला चिकटला की गाणं एकटं ऐकता येत नाही.

सुरुवातीचे दोन-तीन अल्बम तरी मराठी घ्या, हा माझा हट्ट आहे. शब्द कळतात, त्यामुळे बोलायला निम्मा विषय तयार मिळतो.

३. फोनच्या सेटिंगा तपासा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळली तर पुढचं सगळं फुकट.

शफल बंद करा. अल्बममधला क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' आठवा: शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात आहे. सुरुवात अहिर भैरवने सकाळी, शेवट पहाडीने. तो शफलवर लावला तर मेंढपाळ संध्याकाळी उठून दुपारी झोपतो. अडेल या ब्रिटिश गायिकेने हाच मुद्दा लावून धरला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफल आपोआप सुरू करायचं बंद केलं. तरीही तुमच्या फोनवर ते बटण चुकून दाबलेलं असू शकतं. बघून घ्या.

क्रॉसफेड बंद करा. एका गाण्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात घालणारी ही सोय लग्नाच्या पार्टीत बरी. ऑटोप्लेही बंद करा, नाहीतर अल्बम संपल्यावर अ‍ॅप आपल्या मनाने पुढचं काहीतरी वाजवतं आणि एखादा त्यालाच "शेवटचं गाणं फार आवडलं" म्हणतो. आमच्याकडे हे झालेलं आहे. नाव सांगत नाही, कारण ती व्यक्ती हे वाचणार आहे.

अल्बम आधी डाउनलोड करून ठेवा, दर्जा सगळ्यात वरचा निवडा. वाजवायच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर.

४. घरी एकट्याने दोनदा ऐका

बैठकीला कोरे कान घेऊन येऊ नका. पहिल्यांदा ऐकताना माणूस फक्त ओळखीचं काय आहे ते शोधत असतो. माझं तर नेहमीच असं होतं: पहिल्या खेपेला जे गाणं आवडतं ते तिसऱ्या खेपेला गोड-गोड लागतं, आणि ज्याच्याकडे दुर्लक्ष केलं तेच महिनाभर डोक्यात राहतं.

एकदा हेडफोनवर ऐका, एकदा खोलीत स्पीकरवर. फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत. तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याची घुमक गायब. मग "ठेका पोकळ आहे" असं म्हणणारा माणूस गाण्याविषयी बोलत नसतो, फोनविषयी बोलत असतो. लोकलचंही तसंच. सकाळच्या फास्ट गाडीत मी वर्षभर गाणी ऐकली आणि मला सगळे अल्बम ढणढणीत आवडू लागले, कारण हळू गाणी गाडीच्या खडखडाटात बुडूनच जायची.

दुसऱ्यांदा ऐकताना गाण्याचे शब्द समोर ठेवा. अ‍ॅपवरचे शब्द तपासून घ्या, मराठीत त्यांत फार चुका असतात. "सांज" चं "साज" झालेलं मी पाहिलं आहे आणि त्या एका अनुस्वारावर आमच्याकडे पंधरा मिनिटं कवितेचा अर्थ काढला गेला.

५. श्रेयनामावली शोधा

गाणं कोणी गायलं ते सगळ्यांना माहीत असतं. लिहिलं कोणी? चाल कोणाची? संयोजन कोणाचं? बासरी कोणी वाजवली? मिक्सिंग कोणी केलं? बहुतेक अ‍ॅपवर गाण्याच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांत 'क्रेडिट्स' सापडतात. तिथे नसेल तर यूट्यूबवर कंपनीच्या किंवा कलाकाराच्या व्हिडिओखालचा मजकूर उघडा. वादकांची नावं बहुधा तिथेच असतात.

मराठी अल्बममध्ये गीतकाराचं नावच गाळलेलं अनेकदा दिसतं, आणि मला याचा फार राग येतो. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान या गायिकेचं ध्वनिमुद्रण झालं. त्या काळच्या तबकड्यांवर गाणं संपता संपता गायिका स्वतःच स्वतःचं नाव पुकारत असे. सव्वाशे वर्षांपूर्वी तीन मिनिटांतले काही क्षण नावासाठी निघत होते. आज जागेची काही कमतरता नसताना कवीचं नाव राहतं.

नावं कळली की कान बदलतात. 'सैराट' (२०१६) मधल्या व्हायोलिनांच्या लाटा अनेकांना सिंथेसायझरच्या वाटल्या होत्या. अजय-अतुल यांनी ते वाद्यवृंदाचं काम हॉलिवूडमध्ये सिम्फनी वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलं होतं. हे कळल्यावर गाणं जास्त आवडायलाच हवं असं नाही. पण "मशीनचं आहे" हे वाक्य तरी तोंडातून निघत नाही.

६. खोली लावा

पंखा बंद. उन्हाळ्यात हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात. पण डोक्यावरच्या पंख्याची घूं-घूं आणि तंबोऱ्याचा सूर एकमेकांत मिसळतात, आणि हळू गाण्यातला श्वास तर ऐकूच येत नाही. आम्ही गाण्यांच्या मधे पंखा लावतो, गाणं सुरू झालं की बंद. ते काम काकांकडे दिलं आहे. ते कमालीच्या गांभीर्याने करतात.

दोन स्पीकर ऐकणाऱ्यांच्या कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर ठेवा. भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नका, तिथे खालचे सूर फुगतात. छोट्या ब्लूटूथ डब्याची मुख्य अडचण ही की डावं-उजवं सगळं एकाच ठिकाणाहून येतं. संयोजकाने कोरस डावीकडे आणि सारंगी उजवीकडे ठेवलेली असते, ती मेहनत तिथे वाया जाते.

आवाजाची पातळी एकदा ठरवा आणि मग हात लावू नका. यात एक सापळा आहे. दोन गाण्यांपैकी जे किंचित मोठ्याने वाजतं ते आपल्याला जास्त चांगलं वाटतं, आणि ते मोठ्याने वाजतंय हे लक्षातही येत नाही. जुन्या अल्बमशी तुलना करणार असाल तर अ‍ॅपमधली सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवणारी सोय चालू ठेवा.

कुकर लावायचा असेल तर आधीच लावून मोकळे व्हा. चिवडा, फरसाण, कुरकुरीत काहीही अल्बम संपेपर्यंत डब्यात. चहाही नंतर, कारण बशीवर कप ठेवल्याचा आवाज बरोबर समेवरच येतो.

७. वाजत असताना बोलू नका, वेळ लिहा

मैफलीत दाद द्यायची आपली सवय आहे आणि ती चांगलीच आहे, कारण समोरच्या गायकाला ती ऐकू जाते. ध्वनिमुद्रित गाण्याला तुमचं "वाहवा" ऐकू जात नाही. ते फक्त शेजारच्याला ऐकू जातं आणि त्याचं मत तिथेच तयार होतं. म्हणून वाजत असताना तोंड बंद, पेन्सिल चालू.

वहीत गाण्याचा क्रमांक, मिनिट-सेकंद आणि चार शब्द. माझ्या वहीतल्या एका पानावरचं जसंच्या तसं देते. एका तरुण गायिकेचा पहिलाच अल्बम होता:

- १ – ०:०० ते ०:०८. सुरावट कुठे आहे? थेट मुखडा.
- ३ – १:४२. ढोलकी थांबते. श्वास. मग "पाऊस". काटा.
- ३ – ३:०५. तेच पुन्हा. आता नको होतं.
- ५ – कडवं दोन. "ळ" चा "ल" होतोय का?
- ६ – काही नाही लिहिलं. का?

शेवटची ओळ मला सगळ्यात उपयोगी पडली. वहीत काहीच न उतरलेलं गाणं एकतर फार वाईट असतं किंवा आपण त्यात हरवलेलो असतो. यातलं कुठलं, ते पुन्हा ऐकून ठरवा.

पहिल्या ओळीविषयी थोडं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. तेवढ्यात माणूस पळाला तर गेला. गाण्याआधीच्या सुरावटी आखूड होत चालल्या आहेत त्यामागे हे गणित असावं, असं मला वाटतं. नव्या अल्बमविषयी बोलताना हे डोक्यात ठेवा, कारण काही गोष्टी कलाकाराच्या आळसामुळे नसतात, बाजारामुळे असतात.

८. आधी चिठ्ठी, मग चर्चा, आणि सुरुवात धाकट्यापासून

अल्बम संपला की पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: एक आवडलेली जागा, एक खटकलेली जागा, एक न कळलेली जागा. चिठ्ठ्या वाटीत टाकायच्या. मग वाचायच्या.

हे शाळकरी वाटेल. पण चिठ्ठी नसली तर पहिला बोलणारा सगळ्यांचं मत ठरवतो, आणि आपल्याकडे पहिला बोलणारा हा वयाने मोठा असतो. पेटीवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, "चाल बेसूर आहे," आणि पुढच्या चौघांनी माना डोलावल्या. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा त्याच चौघांपैकी तिघांनी त्याच गाण्यातली जागा आवडली म्हणून लिहिली होती. त्या दिवसापासून सगळ्यात धाकटा आधी बोलतो, मावशी आणि काका सगळ्यांत शेवटी. दोघांनीही हे हसत मान्य केलं. काकांना जरा वेळ लागला.

९. बोलताना कोणती वाक्यं टाळायची

काही वाक्यांवर आमच्याकडे दंड आहे. दंड म्हणजे पुढच्या वेळचा चिवडा आणायचा.

"पूर्वीसारखं राहिलं नाही." पूर्वीची राहिलेली गाणी आपण ऐकतो, पूर्वीची टाकून दिलेली गाणी कोणी लावत नाही. आजचं सगळं पीक आणि कालचं निवडलेलं धान्य अशी तुलना होते.

"ऑटोट्यून आहे." असेल. आज जवळपास सगळीकडे सूर थोडेफार नीट करून घेतात. प्रश्न असा की तुम्हाला ते कुठे टोचलं? रॅप ऐकणाऱ्या मुलीने आम्हाला एकदा नीट समजावलं की काही गाण्यांत तो यंत्रासारखा आवाज मुद्दाम, रंग म्हणून वापरलेला असतो. पेटीवाल्या मावशींना पटलं नाही, पण त्यांनी तक्रार बदलली: "मग तो रंग सातही गाण्यांना कशाला?" ही तक्रार उत्तम होती.

"कॉपी आहे." कशाची, कोणत्या ओळीची, ते लगेच वाजवून दाखवता आलं तरच बोलायचं. राग एक असला की चाली बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. त्याला चोरी म्हणत नाहीत.

"मला या प्रकारातलं कळत नाही." हे नम्रपणे बोललं जातं, पण पळवाट आहे. कळत नाही तर न कळलेली जागा सांगा. चिठ्ठीवर तिसरा रकाना त्यासाठीच आहे.

आणि शब्द साधे वापरा. मुखडा, कडवं, ठेका, चाल, सम, शब्द, आवाज, एवढ्यावर खूप काही बोलता येतं.

१०. भांडण झालं तर पुन्हा वाजवा

भांडण होणारच. ते तोंडाने सोडवू नका.

आमचं सगळ्यात मोठं भांडण एका ढोलकीवरून झालं. तबलेवाला मुलगा म्हणाला, ठेका संगणकातला आहे, हात नाही त्यात. काका म्हणाले, "अरे चामड्याचा वास येतोय मला." दोघं हट्टाला पेटले. गाणं पुन्हा लावलं, दोन मिनिटं दहा सेकंदांपासून. मुलगा बोटांवर मात्रा मोजत बसला. एका ठोक्याला बोट घसरल्यासारखा खरखरीत आवाज येत होता. काका टाळी देत म्हणाले, "बघ! माणूस आहे." मुलगा काही बोलला नाही, मोजत राहिला. चार आवर्तनं झाली आणि तोच खरखरीत ठोका पुन्हा आला, अगदी तसाच. आणखी चार, पुन्हा तोच. ढोलकी खरी होती, चार आवर्तनं वाजवून घेतलेली, आणि मग तेच चार तुकडे गाणंभर डकवलेले. दोघंही बरोबर होते. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा पंखा बंद करायला काका विसरले नाहीत.

एका भांडणाला तीनदा वाजवायची मुभा. त्यानंतरही मिटलं नाही तर चहा.

११. बैठक मोठी करायची असेल तर

घरात मित्रमंडळींनी जमून ऐकलं तर प्रश्न येत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा ना-नफा मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. ते कलम आधी कोणा जाणत्याकडून समजून घ्या. तिकीट लावणार असाल किंवा कॅफेत करणार असाल तर मात्र परवाने लागतात, पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा. अ‍ॅपची वर्गणी वैयक्तिक वापरासाठी असते, ती दाखवून चालत नाही.

रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नाही. शेजारच्यांना आधी सांगा, किंवा सरळ बैठकीला बोलवा. आमच्या मावशी अशाच आल्या, तक्रार करायला.

१२. मत बाहेर मांडायचं असेल तर

बैठकीतलं मत कुठे लिहून टाकायचं असेल तर आणखी आठवडा थांबा. छोट्या, स्वतःच्या खिशातून अल्बम काढणाऱ्या कलाकारांविषयी लिहिताना हे लक्षात ठेवा की ते स्वतः वाचतात. खटकलेली जागा जरूर लिहा, वेळेसकट लिहा. "तिसऱ्या गाण्यात ३:०५ ला तीच युक्ती पुन्हा आली" हे त्यांना उपयोगी पडतं. त्यांना टॅग करून "बंडल" लिहिणं कोणाच्याच उपयोगाचं नाही. गाण्याचा तुकडा कापून चिकटवू नका, दुवा द्या.

तारे देऊ नका. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय, हे आम्ही दोन महिने करून पाहिलं. सगळ्या अल्बमना साडेतीनच मिळाले.

१३. चिठ्ठ्या जपून ठेवा

चिठ्ठ्यांवर नाव आणि तारीख घालून पाकिटात ठेवा, पाकिटावर अल्बमचं नाव लिहा. सहा महिन्यांनी तोच अल्बम पुन्हा लावा, पुन्हा चिठ्ठ्या लिहा, मग जुनं पाकीट उघडा. आधी नाही.

मागच्या महिन्यात आम्ही त्या ढोलकीवाल्या अल्बमचं पाकीट उघडलं. काकांच्या जुन्या चिठ्ठीत खटकलेल्या जागेपुढे लिहिलं होतं: "सगळंच." नव्या चिठ्ठीत लिहिलं होतं: "गाणं ४, २:३७, बासरी जरा लवकर आली." काकांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ते चार नंबरचं परत लाव बरं एकदा. पंखा मी बघतो."